बुडायला एकवीस वर्षं घेतलेलं जहाज

टॉर्पेडो लागला की जहाज बुडतं, असा आपला समज असतो. बालीच्या ईशान्य किनाऱ्यावर तुलांबेन नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथलं जहाज टॉर्पेडो लागल्यानंतर एकवीस वर्षं बुडलंच नाही. काळ्या गोट्यांच्या किनाऱ्यावर ते रुतून राहिलं. गावकऱ्यांच्या एका पिढीनं ते जमिनीवरच पाहिलं. शेवटी त्याला पाण्यात लोटलं ते एका ज्वालामुखीनं. त्यानं लोटलं तेही अशा बेतानं की आज नुकताच स्कूबा शिकलेला, खिशात बेताचे पैसे असलेला माणूससुद्धा किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरतो आणि काही मिनिटांत दुसऱ्या महायुद्धातल्या जहाजासमोर तरंगत उभा राहतो. जगात बुडालेली जहाजं असंख्य आहेत, पण इतकी सहज भेट देणारी फार थोडी.

जहाजाचं नाव ‘लिबर्टी’. १९१८ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत बांधलेलं, सुमारे सव्वाशे मीटर लांबीचं हे मालवाहू जहाज. पहिल्या महायुद्धाच्या अगदी अखेरीस ते अमेरिकी नौदलात दाखल झालं आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या मालवाहतुकीला लागलं. दुसऱ्या महायुद्धात घाऊक बांधलेल्या ‘लिबर्टी’ वर्गातल्या जहाजांपैकी हे एक, असं अनेकदा सांगितलं जातं. ते चूक आहे. हे त्या वर्गापेक्षा दोन दशकांहून जुनं. ११ जानेवारी १९४२ रोजी, बाली आणि लोंबोक या बेटांमधल्या सामुद्रधुनीजवळ, आय-१६६ या जपानी पाणबुडीनं त्याच्यावर टॉर्पेडो डागला. जहाजात रेल्वेचे सुटे भाग आणि रबर होतं. ‘पॉल जोन्स’ ही अमेरिकी आणि ‘व्हॅन घेंट’ ही डच विनाशिका मदतीला आल्या. बालीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सिंगराजा बंदरात जहाज ओढत न्यायचं ठरलं. पण आत पाणी भरत चाललं होतं आणि सिंगराजा गाठणं अशक्य दिसू लागलं. तेव्हा निदान माल तरी वाचवावा म्हणून त्याला तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवलं गेलं. माल उतरवला गेला आणि जहाज तिथंच राहिलं. पुढची वर्षं उपयोगी पडेल ते ते सामान त्याच्यातून निघत राहिलं.

तुलांबेनच्या डोक्यावर गुनुंग आगुंग उभा आहे. तीन हजार मीटरहून उंच असलेला हा बालीचा सर्वांत मोठा आणि सर्वांत पवित्र पर्वत. फेब्रुवारी १९६३ मध्ये तो जागा झाला. त्याच सुमारास त्याच्या उतारावरच्या बेसाकी या महामंदिरात ‘एक दश रुद्र’ हा शंभर वर्षांतून एकदा करायचा विधी चालू होता. एकादश रुद्र आपल्या ओळखीचे आहेत. शिवाची पूजा करणारं बेट आपल्या अग्निपर्वताच्या अंगाखांद्यावर त्यांना आवाहन करत असताना पर्वतानं तोंड उघडलं. १७ मार्चला मोठा स्फोट झाला. लाव्हा बेसाकीच्या बाजूनं निघून गेला आणि मंदिर वाचलं, पण गावं वाचली नाहीत. हजाराहून अधिक माणसं गेली. वातावरणाच्या वरच्या थरात गेलेल्या गंधकाच्या कणांनी सूर्यप्रकाश अडवला आणि पृथ्वीचं सरासरी तापमान काही दशांश अंशांनी उतरलं. एवढ्या प्रचंड घटनेतली एक बारीकशी गोष्ट म्हणजे त्या हादऱ्यांनी तुलांबेनच्या किनाऱ्यावरचं गंजकं जहाज घसरलं आणि पाण्याखालच्या वाळूच्या उतारावर कुशीवर पडलं.

ते नेमकं कसं पडलं, यातच नवशिक्यांचं भाग्य आहे. किनाऱ्यापासून जहाज जेमतेम तीस-चाळीस मीटरवर आहे आणि किनाऱ्याला जवळजवळ समांतर आडवं पसरलं आहे. त्याचा सर्वांत वरचा भाग पाण्याखाली सुमारे ५ मीटरवर, तर सर्वांत खालचा ३० मीटरच्या आसपास. आणखी शंभर मीटर आत घसरलं असतं तर ते फक्त तज्ज्ञांचं झालं असतं. किनाऱ्यावरच राहिलं असतं, तर भंगारवाल्यांनी कधीच संपवलं असतं.

आता ५ आणि ३० या दोन आकड्यांचं एवढं काय? स्कूबामध्ये खोली म्हणजे नुसतं अंतर नसतं. खोलीवर हवेचा हिशेब ठरतो आणि वेळेचाही. पृष्ठभागावर आपल्यावर एक वातावरणाचा दाब असतो. १० मीटरवर तो दुप्पट होतो, २० वर तिप्पट, ३० वर चौपट. रेग्युलेटर आपल्याला भोवतीच्या दाबाइतकी दाट हवा देतो, म्हणून ३० मीटरवरचा प्रत्येक श्वास टँकमधून चौपट हवा खेचतो. हिशेब करून पाहा. अकरा लिटरचा टँक २०० बार दाबानं भरला, त्यातले ५० बार राखीव ठेवले, तर वापरायला १,६५० लिटर हवा उरते. मिनिटाला २० लिटर लागणारा माणूस १० मीटरवर त्यात चाळीस मिनिटं काढेल. ३० मीटरवर वीसच. घाबरलेला नवशिका धापा टाकतो, त्यामुळे त्याचं गणित याहून वाईट.

दुसरं बंधन नायट्रोजनचं. दाबाखाली तो रक्तात आणि पेशींत विरघळत जातो आणि फार विरघळल्यावर घाईनं वर आलं, तर त्याचे बुडबुडे शरीरातच तयार होतात. म्हणून प्रत्येक खोलीवर राहण्याची कमाल मुदत ठरलेली आहे. पॅडी या संस्थेच्या तक्त्यानुसार पहिल्या डाइव्हला १८ मीटरवर ५६ मिनिटं मिळतात, ३० मीटरवर फक्त २०. त्याच संस्थेचा ‘ओपन वॉटर’ हा पहिला अभ्यासक्रम केलेल्याला १८ मीटरपर्यंत जाण्याची मुभा असते, ‘ॲडव्हान्स्ड’ केलेल्याला ३० पर्यंत आणि काहीही न शिकता फक्त चव घ्यायला आलेल्याला, इन्स्ट्रक्टरच्या सोबतीनं, १२ पर्यंत.

हे आकडे लिबर्टीवर ठेवून बघा. चव घ्यायला आलेला तिचा माथा पाहू शकतो. ओपन वॉटरवाल्याला निम्म्याहून अधिक जहाज खुलं होतं. ॲडव्हान्स्डवाल्याला जवळजवळ सगळं. आणि पाणी नितळ असेल त्या दिवशी, ज्याला नुसता मास्क लावून पृष्ठभागावर तरंगता येतं, त्यालाही खाली लोखंडाचा काळसर आकार दिसतो. एकच जहाज चार पातळ्यांवरच्या माणसांना एकाच वेळी पुरतं, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

इतर नामांकित जहाजं काय मागतात, ते पाहिलं की हे अधिक कळतं. आपल्याला सर्वांत जवळचं प्रसिद्ध जहाज श्रीलंकेतल्या बट्टिकलोआजवळ आहे. ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी बुडवलेली ‘हर्मिस’ ही ब्रिटिश विमानवाहू नौका. ती पन्नास मीटरहून खोल आहे. मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगची कमाल मर्यादा ४० मीटरची. फिलिपिन्समधल्या कोरोनला २४ सप्टेंबर १९४४ रोजी अमेरिकी विमानांनी बुडवलेल्या जपानी जहाजांचा एक समूहच आहे. त्यातली एखादी नौका इतकी उथळ आहे की पोहता पोहता दिसते, पण ‘इराको’ आणि ‘अकित्सुशिमा’ ही गाजलेली जहाजं खोल आणि अनुभवी माणसांसाठी. शिवाय तिथं प्रत्येक डाइव्हला बोट लागते. पॅसिफिकमधलं चूक लगून हे जहाजप्रेमींचं पंढरपूर, पण तिथवर पोचण्याचा विमानखर्चच सामान्य माणसाची सुट्टी खाऊन टाकतो.

तुलांबेनला बोट लागत नाही, आणि तिथलं डायव्हिंग स्वस्त असण्याचं मुख्य कारण हेच. डायव्हिंगच्या बिलात बोट, तिचं इंधन आणि खलाशी यांचा वाटा मोठा असतो. इथं तो नाहीसा होतो. त्याऐवजी टँक किनाऱ्यापर्यंत पोचवतात गावातली हमाल माणसं, त्यांत बऱ्याच बायका. भरलेला एक टँक साधारण पंधरा किलोचा. या बायका डोक्यावर कधी एक, कधी दोन टँक तोलून, गोल गुळगुळीत गोट्यांवरून चालत जातात. त्या गोट्यांवर आपल्याला मोकळ्या हातांनीही धड चालता येत नाही. त्यांची गावात संघटना आहे आणि कामाची पाळी ठरलेली असते. त्यांची मजुरी बहुधा डाइव्हच्या दरातच धरलेली असते. नसेल, तर तिथं घासाघीस करू नये. ज्या ज्वालामुखीनं या किनाऱ्याची शेतं खरवडून नेली, त्यानंच हे जहाज पाण्यात टाकलं, आणि आता गावाचा मोठा भाग त्या जहाजावर पोट भरतो.

पाण्यात शिरल्यावर आधी काळ्या वाळूचा उतार लागतो. तो उजाड दिसतो. नीट पाहिलं की वाळूतून बोटभर जाडीचे ईल अर्धे बाहेर येऊन प्रवाहात डोलताना दिसतात आणि आपण जवळ जाताच एकेक करून आत ओढले जातात. मग निळ्या धुक्यातून एक भिंत पुढं येते. तिच्यावर लोखंड म्हणून ओळखू येईल असं फार थोडं उरलं आहे. मऊ प्रवाळ, कठीण प्रवाळ, पंख्यासारखे गॉर्गोनियन, नळ्यांचे स्पंज यांनी ते झाकून गेलं आहे. जहाजावरची तोफ वाटाड्यानं दाखवली की ओळखू येते. छप्पर उडालेल्या जुन्या वाड्यात जसा चारी बाजूंनी उजेड येतो, तसा या जहाजाच्या पोटात येतो, कारण त्याचे पत्रे ठिकठिकाणी तुटून मोठमोठी भगदाडं पडली आहेत.

एवढं जीवन इथंच का, याचं उत्तर त्या उजाड वाळूत आहे. प्रवाळाची अळी पाण्यात तरंगत असते आणि तिला चिकटायला काहीतरी घट्ट, स्थिर लागतं. सरकत्या वाळूत ती जगत नाही. अशा उतारावर सव्वाशे मीटर पोलाद आडवं पडलं, की जागेच्या शोधात असलेल्या सगळ्या जीवांना एकदम घर मिळतं. प्रवाळ आलं की लहान मासे, त्यांच्यामागे मोठे. त्यात हा समुद्रही साधा नाही. पॅसिफिकचं पाणी हिंदी महासागरात उतरण्याच्या मुख्य वाटांपैकी लोंबोकची सामुद्रधुनी एक. तिच्यातले प्रवाह जोरकस असतात. तुलांबेन मात्र त्या मुख्य धारेपासून बाजूला आहे, म्हणून जीवनाची समृद्धी मिळते आणि पाणी बहुतेक दिवस शांत असतं. नवशिक्याला याहून काय हवं?

पहाटेचा डाइव्ह इथला खास. बम्पहेड पॅरटफिश नावाचे मासे, कपाळावर मोठं टेंगूळ असलेले, पूर्ण वाढल्यावर मीटरभराहून लांब, रात्री जहाजाच्या आडोशाला झोपतात. उजाडताना त्यांचा कळप हलतो. चोचीसारख्या दातांनी ते प्रवाळ फोडून खातात, त्याचा आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो, आणि खाल्लेल्या प्रवाळाची पांढरी वाळू मागे सोडत जातात. उलट टोकाला, खोलवरच्या गॉर्गोनियनवर, दोन-अडीच सेंटिमीटरचा पिग्मी समुद्रघोडा असतो. वाटाड्यानं बोट दाखवूनही तो पहिल्यांदा दिसत नाही, इतका तो त्या फांदीसारखाच असतो. दक्षिण बालीहून येणाऱ्या गाड्या सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पोचतात आणि मग जहाजावर गर्दी होते. गावातच मुक्काम करणाऱ्याला पहाट मिळते. साध्या खोल्या तिथं दक्षिणेकडच्या पर्यटनगावांपेक्षा स्वस्त आहेत, म्हणजे बेताच्या पैशांतला प्रवासीच इथं उत्तम वेळ साधतो.

उतारामुळं आणखी एक सोय होते, आणि तिचं महत्त्व पहिल्या डाइव्हनंतर कळतं. वर येताना ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. बोटीवरून केलेल्या डाइव्हमध्ये हा थांबा बहुधा मोकळ्या निळ्या पाण्यात, दोरीच्या आधारानं घ्यावा लागतो. नवशिका तिथं वरखाली होतो, बावरतो. इथं उताराकडेनं हळूहळू वर सरकत, खाली वाळू दिसत असताना, मासे बघत तीन मिनिटं निघून जातात.

तरीही इथं जपायच्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे किनारा. पाठीवर टँक, कमरेला वजनं, पायाखाली निसरडे गोटे आणि समोरून लाट, ही या डाइव्हची सर्वांत अवघड दहा पावलं. साधारण नोव्हेंबर ते मार्च हा तिथला पावसाळा; लाटा मोठ्या असतील, तर त्या दिवशी पाण्यात न जाणं शहाणपणाचं. दुसरी, उथळ पाणी म्हणजे निर्धास्त पाणी नव्हे. दाबाचा तुलनेनं सर्वांत मोठा बदल पहिल्या दहा मीटरमध्येच होतो. १० मीटरवर श्वास भरून तो रोखला आणि तसंच वर आलं, तर फुप्फुसातली हवा दुप्पट फुगू पाहते. त्यात फुप्फुस फाटू शकतं. श्वास कधीही रोखायचा नाही, हा या खेळाचा पहिला नियम. तिसरी, जो उतार वर यायला मदत करतो तोच नकळत खालीही नेतो. मासा बघता बघता १८ चे २४ मीटर होतात. खोलीमापकावर नजर हवी.

आणि जहाजाच्या आत शिरू नये. भगदाडांतून आरपार जाणं सोपं वाटतं, वाटाडेही कधी कधी नेतात. पण डोक्यावर लोखंड असलं की सरळ वर येण्याचा रस्ता बंद होतो, आणि आत जाण्याचं वेगळं प्रशिक्षण असतं. हे पोलाद शंभर वर्षांहून जुनं आहे, दशकानुदशकं खाऱ्या पाण्यात कुजतं आहे, त्याचे भाग कोसळत असतात. बाहेरून पाहायलाच एका डाइव्हमध्ये पुरत नाही, इतकं ते मोठं आहे. हात लावू नये, फिन्सनी प्रवाळ मोडू नये, हे सांगायला नको. पण गर्दीच्या दिवशी तेच सर्वांत जास्त मोडलं जातं. आपला तरंग सांभाळता येईपर्यंत जहाजापासून दोन हात लांब राहिलेलं बरं.

पैशांचं बोलायचं तर काही खर्च ठरलेले आहेत. भारतीयांना इंडोनेशियात पोचल्यावर तीस दिवसांचा व्हिसा मिळतो, त्याचे ५ लाख रुपिया, आणि फेब्रुवारी २०२४ पासून बालीत येणाऱ्या परदेशी पाहुण्यांकडून दीड लाख रुपिया वेगळे घेतले जातात. विमानतळापासून तुलांबेन सुमारे शंभर किलोमीटर, गाडीनं अडीच-तीन तास. गाडी वाटून घेतली तर परवडते. बचत खोलीत करा, जेवणात करा, तिथली साधी वारुंग म्हणजे खाणावळ उत्तम असते. इन्स्ट्रक्टरमध्ये आणि विम्यात मात्र करू नका. आपल्याकडच्या बऱ्याच प्रवासविम्यांत स्कूबा वगळलेलं असतं किंवा खोलीची अट असते. कलम वाचून घ्या. दाबाच्या विकारावर उपचार करणारा चेंबर डेनपसारमध्ये आहे, पण विमा नसेल तर तो उपचार फार महाग पडतो. सर्वांत स्वस्त दर सांगणाऱ्या दुकानात एका इन्स्ट्रक्टरमागे किती शिकाऊ, हे विचारा. चारपेक्षा जास्त असतील तर दुसरीकडे जा.

एक धोका पर्यटकांच्या लक्षातच येत नाही. डायव्हिंग झालं की त्याच संध्याकाळी किंतामणीमार्गे उबुदला जायचा बेत अनेक जण आखतात. किंतामणी जवळपास दीड हजार मीटर उंचीवर आहे. शरीरात नायट्रोजन असताना उंचीवर जाणं विमानात बसण्यासारखंच धोक्याचं. अनेक डाइव्ह झाल्यावर विमानाआधी किमान १८ तास थांबायचं असतं. म्हणून परतीचा रस्ता किनाऱ्याकडचा घ्यावा, आणि आगुंग चढायचा असेल तर तो डायव्हिंगच्या आधी.

आपल्या कोकणाचा या गोष्टीशी खरा संबंध आहे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, आणि मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात चव घेण्यापुरता डाइव्ह करता येतो. पाण्याची पारदर्शकता बालीइतकी नसते, पण आपल्या कानांवरचा दाब आपल्याला सोडवता येतो का, मास्कमध्ये पाणी शिरलं तर आपण घाबरतो का, हे विमानाचं तिकीट काढण्याआधी तिथं कळतं. याच महामंडळानं नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवती रॉकजवळ समुद्रतळावर ठेवून तिथं पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती उभारण्याचा प्रकल्प हाती घेतला आहे. मला हा प्रकल्प मनापासून हवासा वाटतो. पण तुलांबेनचा धडा त्यात उतरला पाहिजे. जहाज केवढं आहे, यापेक्षा त्याचा माथा किती उथळ आहे आणि त्याच्यापासून मिळणाऱ्या पैशातला किती वाटा जवळच्या गावात राहतो, यावर ते कुणाचं होणार हे ठरतं.

राहिला एक प्रश्न. नवशिक्यानं, बेताच्या पैशांत, पहिलं बुडालेलं जहाज म्हणून कुठं जावं? माझं उत्तर तुलांबेन आहे, आणि ते मी कचरत देत नाही. ओपन वॉटरचा अभ्यासक्रम तीन-चार दिवसांचा असतो. तो तिथंच करा किंवा इथं करून जा. गावात निदान तीन रात्री राहा, पहिला डाइव्ह उथळ करा, दुसऱ्या दिवशी पहाटे उठा. दमा, हृदयविकार किंवा कानाचं दुखणं असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, तिथल्या फॉर्मवर खोटं लिहू नका. आणि पोहता येत नसेल तर आधी पोहायला शिका: ओपन वॉटरसाठी न थांबता २०० मीटर पोहून आणि दहा मिनिटं तरंगून दाखवावं लागतं.